सिंगापूर बघून आलेला थर्मास

"और टूट गया तो?" थर्मास उलटासुलटा करत हिम्मतरावांनी विचारलं.

"टूटता नईं साब," बेगम बाजारातला सेठ म्हणाला. "असली सिंगापूर का माल है."

"वो ठीक है. गॅरंटी?"

हिम्मतराव मलकपेठेत पाण्याचे पंप विकत. स्वतःच्या गिऱ्हाइकाला ते कधी गॅरंटी देत नसत, पण दुसऱ्याकडून ती घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी सेठनं हात जोडले, शाईचं पॅड काढलं आणि थर्मास, घड्याळं, टॉर्च, डबे, सगळ्यांच्या बुडावर 'बेगम बाजार, हैदराबाद' असा जांभळा शिक्का हाणला. काही बिघडलं तर शिक्का दाखवायचा आणि बदलून न्यायचं. हिम्मतराव जग जिंकल्यासारखे बाहेर पडले.

सिंगापूरला जायला अजून आठवडा होता.

पंपाच्या कंपनीनं यंदा आपल्या विक्रेत्यांना सिंगापूरची सहल दिली होती. पण भामाबाईंचं तिकीट पदरचं काढावं लागलं आणि हातखर्चाला जेमतेम मूठभर डॉलर उरले. तेवढ्या पैशांत दोघांनी मजा करायची की अख्ख्या गोतावळ्याला भेटी आणायच्या? न आणून चालणार नव्हतं. गेल्या वर्षी थोरल्या बहिणीनं, इंदुताईंनी, सिंगापूरहून येऊन घरटी काही ना काही दिलं होतं. वर ऐकवलंही होतं, "तुमच्यापायी नुसती दुकानं पालथी घातली. पाय सुजले. सिंगापूर काय बघितलं नाही बघा." त्यांचे यजमान, म्हणजे नामदेवराव दाजी, शेजारीच सुपारी कातरत बसले होते.

आता खुल्या बाजाराचे दिवस आले होते. सिंगापूरचा माल बेगम बाजारात ढिगानं पडला होता, आणि तोही घासाघीस करून मिळत होता. तो इथंच घ्यायचा आणि तिथले डॉलर स्वतःवर उडवायचे, ही अक्कल हिम्मतरावांची. भामाबाईंना मात्र ती पटेना.

"सिंगापूरहून आणलं म्हणून मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

"हे सगळं तिकडं घेऊन जायचं. आणि तिकडून घेऊन यायचं."

हिम्मतराव लगेच बॅगा भरायला बसले.

दोन गच्च बॅगा विमानात चढल्या. फराळाचं आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि वरच्या थरात दशम्या असल्यानं तेही खोटं नव्हतं. सिंगापुरात बॅगा हॉटेलच्या कपाटात पडल्या आणि नवराबायको मोकळे सुटले. सकाळी खोलीतच दशमी-चटणी खायची नि बाहेर पडायचं. दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढची जागा धरायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. समुद्रात पाय सोडून बसायला तर कुणी काही मागत नव्हतं. एका झाडाखाली एक म्हातारा पावाच्या तुकड्यात आइस्क्रीमची जाड वडी गुंडाळून द्यायचा. पहिल्या घासालाच भामाबाई भर रस्त्यात खुदुखुदु हसायला लागल्या. बायकोला असं हसताना हिम्मतरावांनी लग्नाच्या नव्या नवलाईत पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. त्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा त्या झाडाखाली हजर होते.

घरी मात्र यातलं अक्षर काढायचं नाही असं ठरलं. मजा केली म्हटलं की लोक भेटींना नावं ठेवणार.

परत आल्या दिवशी बैठकीत सगळा गोतावळा जमला. बॅगा उघडल्या.

"नुसती दुकानं पालथी घातली," हिम्मतराव पाय चोळत म्हणाले. "सिंगापूर काय बघितलं नाही."

"सगळं सिंगापूरहूनच आणलंय," भामाबाई ठणकावून म्हणाल्या.

थर्मास मावसभावाच्या बायकोच्या, मंगलाच्या हातात गेला. मंगलाच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळी पार कोठीच्या बाजारापर्यंत पोचत असे. "बघू तरी, कुठं लिहिलंय सिंगापूर," म्हणत ती थर्मास उलटा करू लागली.

आणि हिम्मतरावांना शिक्का आठवला. एक नाही, सगळे शिक्के आठवले. आता जन्मभर या बैठकीत तोंड वर करून बसता येणार नव्हतं.

"आण इकडं!" इंदुताईंनी थर्मास हिसकून घेतला. बूड पाहिलं. मग भावाकडं पाहिलं. लहानपणी चिंचा चोरल्यावर पाहायच्या तसंच.

"मंगला, काय घाई करायलीस? परदेशातनं आलेली वस्तू आधी देवापुढं ठेवावी, हळदकुंकू लावावं, मग वाटावी. मी बी गेल्या साली तसंच केलं. उद्या या सगळे."

लोक चहा पिऊन, थोडे हिरमुसून पांगले. इंदुताई थर्मास घेऊन देवघरात गेल्या. मागोमाग हिम्मतराव गेले. बैठकीतल्या दाजींसमोर तरी बोलणी खायला नकोत म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

"ताई, चुकलो," ते म्हणाले.

"रॉकेलचा बोळा आण. नखानं निघत नाही ते."

"तुला कसं..."

"गॅरंटी मी बी मागितली होती की. एकाच बापाची लेकरं आपण." इंदुताईंनी दाराकडं एकवार बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते पावातलं आइस्क्रीम खाल्लास का नाही? तुझे दाजी तर दुसरं काही खायलाच तयार नव्हते."