परदेश भत्ता

काटकसर समितीची बैठक बिस्किटे येईपर्यंत सुरू होईना. बिस्किटे बोटीने येत. गोरे साहेब गेले, देश स्वतंत्र झाला, तिजोरीत खडखडाट उरला, पण साहेबांच्या बिस्किटांचा डबा काही आटला नाही.

टेबलाभोवती पाच-सहा अधिकारी लोकरी कोटांत घामाघूम होऊन बसले होते. कोट काढायची सोय नव्हती. जुने साहेब कधी काढत नसत.

बशी फिरली आणि काटकसरीला जोर चढला. पहिली कुऱ्हाड खेड्यांतल्या बाळंतपणाच्या केंद्रांवर पडली. स्वातंत्र्याच्या उत्साहात ती उघडली होती, आता परवडत नव्हती. बायका पूर्वीही बाळंत होतच होत्या, असे कोणीतरी म्हणाले आणि बाकीचे समजूतदारपणे हसले. सचिवाने ठरावावर झोकात सही ठोकली.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर त्याची सख्खी मावशी सकाळपासून बसली होती. गावच्या केंद्रावर ती सरकारी सुईण होती. त्याच गावात हा सचिव जन्मला, आणि त्याच्या आईचे बाळंतपणही हिनेच केले होते. केंद्र बंद होणार अशी कुणकुण लागली म्हणून ती बस पकडून आली होती. गावात दोघींचे दिवस भरत आले होते आणि जवळचे म्हणावे ते रुग्णालय नदीपलीकडे होते. भाचा एवढा मोठा साहेब. त्याने एक शब्द टाकला की झाले, अशा भरवशावर ती बसून होती. भाच्याने जाता-येता तिला पाहिले होते आणि दोन्ही वेळा न पाहिल्यासारखे केले होते.

पुढचा विषय परदेश भत्त्याचा. आपला देश सोडून इतक्या लांब, असल्या उन्हात राहावे लागते म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांना पगाराशिवाय हा भत्ता मिळे. आता त्यांच्या खुर्च्यांवर इथलेच लोक बसले होते. तेव्हा भत्ता बंद, असे रस्त्यावरच्या कोणीही सांगितले असते. समितीला तसे वाटले नाही. खुर्ची तीच, काम तेच, मग भत्त्यात आपल्यालाच खाली का लेखायचे? हा राष्ट्राचा अपमान झाला. स्वाभिमानाचा प्रश्न असल्याने ठराव एकमताने मंजूर झाला.

खोडा घातला तो हेडक्लार्कने. तो जुन्या राजवटीपासूनचा, नियमाला चिकटलेला माणूस. भत्त्याच्या अर्जावर छापील मजकूर होता: 'हा माझा मूळ देश नव्हे. मी येथे केवळ नोकरीसाठी राहतो.' खाली अर्जदाराला लहानपणापासून ओळखणाऱ्याची साक्ष हवी होती, आणि साक्षीदार स्वतः भत्ता घेणारा असून चालत नव्हता. मजकुराचे कोणाला काहीच वाटले नाही. साक्षीदार मात्र आणायचा कुठून? खोलीतले सगळेच अर्जदार होते.

"बाहेर एक बाई बसल्यात," हेडक्लार्क म्हणाला. "साहेबांना लहानपणापासून ओळखते म्हणतात."

सचिव आधी लाल झाला, मग विचारात पडला. मावशीला आत बोलावण्यात आले. कोणी बस म्हटले नाही. तिने स्वतःच खुर्ची ओढली आणि बशीतले एक बिस्कीट उचलले.

"बाई, इथे सही करा," सचिव म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो तिला अहोजाहो करत होता. मग खाली वाकून हळूच पुटपुटला, "कर ना मावशी. तुझ्या केंद्राचं बघतो मी."

मावशीला वाचता येते, हे तो विसरला होता. तिने अर्ज सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग हेडक्लार्ककडे वळून केंद्राचे काय ठरले ते विचारले.

खोटे बोलण्याइतकी बढती हेडक्लार्कला अजून मिळाली नव्हती. "बंद झालं. मघाशीच साहेबांची सही झाली," तो म्हणाला.

सचिव कोटाचे बटण चाचपू लागला. आता ही तमाशा करणार, कागद टराटरा फाडणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. एकाने बिस्किटांची बशी आपल्याकडे सरकवून घेतली.

मावशीने पेन उचलले आणि ठसठशीत सही केली.

"खोटी साक्ष मी दिली नसती," ती म्हणाली. "पण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे."

सचिवाचा जीव भांड्यात पडला. शाई वाळायच्या आधीच त्याने अर्ज ओढून घेतला. ठरल्यासारखे दोघे-तिघे खोकले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

मावशी दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आणि छोट्या, तुझी नाळ मी आपल्या परसात पेरूखाली पुरली होती. भत्ता हातात आला की येऊन उकरून ने. मला तिथे भाजी लावायची आहे."