बाकी सगळं अस्सल

नामांतराच्या लढ्यात भिकनराव तुरुंगात होते, तेव्हा इकडे नाशिक रोडला त्यांना मुलगा झाला. त्यांनी तुरुंगातूनच नाव कळवलं, संघर्ष.

तोच पोरगा आता मोठा रॉकस्टार झालाय. त्याची जीन्स डिझायनर मोजूनमापून फाडतो, केस विस्कटायला पगारी माणूस आहे, अन् स्टेजवरचा संताप मॅनेजर आरशासमोर घोटवून घेतो. भिकनराव बघतात आणि कपाळाला हात लावतात.

काल नाशिकच्या शोनंतर मुलाखत घेणारी मुलगी भारावून म्हणाली, "तुझे कपडे, केस, तो राग, सगळं कसं अस्सल आहे! नाव तेवढं बनावट वाटतं. कुठल्या एजन्सीनं ठेवलं?"



शेजारी बसलेल्या भिकनरावांनी कपाळावरचा हात तसाच वर केला.