सांबशिवांची बेरीज

"पुन्हा खोटंच सांगतंय लेकाचं!" सांबशिव पुटपुटले.

तंजावूरच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुट्या चिपा नि तारा जोडून घरीच छोटा कॉम्प्युटर करायला घेतला होता. उद्या तो सरस्वतीपूजेत पुस्तकांशेजारी मांडायचा, आणि साधी बेरीज जुळत नव्हती.

"तार सैल असेल, अप्पा," लेक लक्ष्मीप्रिया म्हणाली. कालही ती हेच म्हणाली होती.

"चिपच कच्ची असेल," जावई खिडकीबाहेर बघत म्हणाला.

सांबशिव सगळ्या तारा पुन्हा उपटू लागले. कनकलताबाईंनी कॉफीचा टंबलर खाली ठेवून नवऱ्याचा हात धरला.

"राहू द्या हो. तीन आणि चार सातच होतात. तुमचं यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर सांगतंय."