करप्याचा पहिला डाग

बटाट्याचं पान आठवड्यानंतरही हिरवंगार होतं. त्यावर ठेवलेली करप्याची बुरशी नुसती बसून होती.

“ही रोगच करत नाही, तर रोगाच्या जनुकांचा नकाशा कसला काढणार?” सर म्हणाले. “तुम्ही बाळंतपणाला गेलात बाई, प्रयोग थांबत नसतो. महिनाअखेरीला सगळं फेकून द्या.”

सर गेल्यावर तिने प्रयोगशाळेतल्या मदतनीस सरवदेला विचारलं, “माझ्यामागे बुरशीला काय घातलंस?”

“ओट्सची पेज. कशी गुबगुबीत झालीये बघ.”

“आणि अधूनमधून जिवंत पान?”

“ते कशाला? आयतं मिळत होतं की तिला.”

म्हणूनच बुरशी रोग करायचं विसरली होती. तिने पेज बंद केली. कोवळी पानं खुडून आणली आणि बुरशीला एका पानावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर नेत राहिली. मधेच एका पहाटे लेकीला पाजताना नवा दात कचकन लागला, तेव्हा कळवळतानाही तिला हसू आलं.

महिनाअखेरीला पानावर काळा, ओलसर डाग होता.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. “सरवदे, आपल्या बुरशीचा फोटो काढ.”

तिने पानाच्या डबीवर झाकण लावलं.

“हात लावण्याआधी मला विचारा, सर. आता चावते ती.”