घंटा वाजेपर्यंत

"आई, बाबांना सांग, मागचं चाक फिरवत राहा म्हणावं."

"तिला सांग, मी बहिरा नाही."

मुलीने नोकरी सोडून अंगणात स्वतःच्या हाताने गाडी बांधायला घेतली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फतच चालायचं. पण चातुर्मासात नैवेद्याची घंटा वाजेपर्यंत माझं मौन असतं. गाडी ठोकळ्यांवर उचललेली होती; ती पुढचं चाक हाताने फिरवत होती, हे मागचं, आणि मी आत बसून नुसता ब्रेक दाबत होते. पेडलमागची आडवी दांडी पायाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटते म्हणे. पुढची चाकं किंचित आधी धरायला हवीत, नाहीतर गाडी गिरकी घेते.

मी दाबला. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मागचं आधी धरलं," हे शेवटी चाकालाच म्हणाले.

"माझं अजून फिरतंय." तिने वाकून दांडी वळवली. मी पुन्हा दाबला.

"आता तर मागचं आणखी लवकर धरतंय. उलटी फिरवलीस काय गं?"

तिने दांडीकडे पाहिलं आणि जीभ चावली. "उलटीच हो, बाबा. या ना, पाना धरा जरा."

माझ्या पायांपाशी दोन डोकी जवळ आली. वाद घालत, एकमेकांचे हात बाजूला सारत दोघांनी दांडी वळवली. पुढचं चाक आधी धरलं तेव्हा हे टाळी देऊन हसले.

"नैवेद्याची वेळ झाली की गं," यांनी मला आठवण करून दिली.

आत ताट तयार होतं, फक्त मी जाऊन घंटा वाजवायची बाकी होती. देवाची मनोमन क्षमा मागून मी पाय ब्रेकवरच ठेवला.