बारूदसिंगचा सातवा भाग

चुडामण आप्पांच्या हिशोबाने नवनीत दुपारपुरता मेलेला होता. निर्मलाबाईंच्या हिशोबाने तो नुसता जेवायला आला होता. म्हणून त्याला पाटावर बसवलं होतं, पण कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. समोर आमरस, पुरणपोळी, कुरडई. हात घालावा की नाही, हे त्याला कळेना. मेलेल्याने आधी जेवायचं असतं. जिवंताने थांबायचं असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लोणखेड्यात घरोघरी पितर जेवतात. मेलेल्याच्या वयाचा कोणी ओळखीचा बोलवायचा, मेलेल्याच्या नावाने नवी घागर भरून मांडायची आणि त्या पाहुण्याला कुंकू लावून मेलेल्याच्या जागी पोटभर वाढायचं. आप्पा आणि निर्मलाबाईंच्या मुलाची, योगेंद्रची, ही पहिली आखाजी. आप्पांनी सकाळीच कुंभाराकडून घागर आणली होती. तेव्हापासून ते ती खांद्यावर घेऊन अंगणात उन्हात उभे होते. निर्मलाबाई घागर उंबरठ्याच्या आत येऊ देत नव्हत्या.

"जित्ता पोऱ्यानी घागर कोन भरस?" त्या म्हणाल्या.

"अवं, मन्हा खांदा गया आते," आप्पा बाहेरून म्हणाले. "नहीतं मन्ही बी घागर आजच भरनी पडी."

योगेंद्र सोलर पंप बसवायला डोंगरातल्या गावांकडे जायचा. पावसाळ्यात नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यात त्यांची होडी उलटली. बाकीचे पोहून निघाले. सोलरचा पंपसुद्धा निघाला. योगेंद्र निघाला नाही. तेव्हापासून निर्मलाबाई रात्री दाराला कडी लावू देत नसत. आप्पा दारात काठी घेऊन झोपत, आणि कुत्री आत येऊन निवांत झोपत.

वाट बघायला निर्मलाबाईंकडे कारण होतं. त्यांनी बारूदसिंगचा एकही पिक्चर पाहिला नव्हता. पण नवनीत आणि योगेंद्रने शाळेपासून सहाही भाग सोबत पाहिले होते, आणि भांडणं सगळी याच घरात झाली होती. सहाव्याच्या शेवटी बारूदसिंग बाँब मिठीत घेऊन विमानातून नदीत उडी मारतो. नवनीत म्हणाला होता, मेला, संपलं. योगेंद्र म्हणाला होता, "लाश दिखनी का? नही ना? मंग तो मरेल नही. सातवामा येई." निर्मलाबाई तेव्हा भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकून ठेवलं.

होडी उलटल्यावर त्या पोलिसांना काही विचारत नव्हत्या. नवनीतला विचारत होत्या, सातवा कधी येणार. बारूदसिंग होणाऱ्या नटाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पिक्चर पुढे ढकलला गेला, तेव्हा त्यांनी सारंगखेड्याच्या दत्ताला त्याच्या गुडघ्यासाठी नवस बोलला. गुडघा बरा झाला. पिक्चर आखाजीच्या आदल्या दिवशी शहाद्याला लागला.

नवनीत पहिल्याच शोला गेला. शेजारच्या खुर्चीवर त्याने रुमाल टाकून ठेवला. एकाने विचारलं, कोणी येणार आहे का? तो हो म्हणाला. मध्यंतरानंतर खलनायक नदीकाठी बारूदसिंगच्या श्राद्धाचे लाडू खात बसलेला असतो आणि पाणी फाटतं. बारूदसिंग बाहेर येतो. दोन वर्षं पाण्याखाली राहून त्याची मिशी कोरडी असते आणि भांग जागच्या जागी. नवनीत खुर्चीवर चढला. इतका ओरडला की मागच्या बाईने त्याला चप्पल दाखवली. मग तो त्या रुमालाकडे वळला, सांगायला. आणि खाली बसला.

"पिच्चर कसा शे?" निर्मलाबाईंनी विचारलं. त्या वाढता वाढता थांबल्या होत्या. हातात तुपाची वाटी होती.

"त्याले जेवू दे पहिले," आप्पा बाहेरून म्हणाले.

"तुम्ही घागर सांभाळा. सांग रे नवनीत. उना का तो परत?"

"उना, काकू."

निर्मलाबाईंनी डोळे मिटले. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. आप्पांनी अंगणात मान खाली घातली. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात गेला. दाराची न लावलेली कडी नवनीतला इथूनही दिसत होती. ती आता कधीच लागणार नव्हती.

"मंग?" त्या पुढे वाकल्या. "तुले खरं वाटनं का? दखीसनी खरं वाटनं?"

नवनीतने आमरसाकडे पाहिलं. आयुष्यात त्याने बारूदसिंगबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता. तिसऱ्या भागात बारूदसिंग रेल्वे इंजिन दोरीने ओढतो, तेही त्याने गावभर पटवून दिलं होतं.

"नही, काकू," तो म्हणाला. "एकदम फालतू पिच्चर शे. पानीमा जायेल मानूस असा येस का कधी?"

तुपाची वाटी थोडी कलली, तूप जमिनीवर सांडलं. मग निर्मलाबाई उठल्या. बाहेर गेल्या. आप्पांच्या खांद्यावरून घागर उतरवून घेतली. नळाखाली धरून ती गळ्यापर्यंत भरली आणि आत आणून मांडली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट ओढलं आणि योगेंद्रचं नाव घेतलं. नाव मध्येच अडकलं. त्यांनी परत पहिल्यापासून घेतलं. आप्पा रिकाम्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे होते.

मग त्या पाटापाशी आल्या. नवनीतच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आते नवनीतनं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू सांग, योगू. तुले कसा वाटना?"

नवनीतने पुरणपोळीचा तुकडा आमरसात बुडवून पहिला घास घेतला.

"एक नंबर, माय," तो म्हणाला.