जंतूंची वंशावळ

महापालिकेच्या दवाखान्यात शिंगाडे सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि यशोधनला समोर बसवलं. त्याची बायको मृदुला बाहेर बाकावर होती. तिला सहावा महिना लागला होता, आणि दोघांच्याही रक्तात सिफिलिसचे जंतू सापडले होते.

"तुमच्या दोघांच्या रक्तातले जंतू ताडून यंत्रानं त्यांची वंशावळ लावलीय," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडून तुमच्या मिसेसना गेलेत. हे फक्त तुम्हालाच सांगायचं, असा नियम आहे. इंजेक्शनं दोघांनाही देऊ. वेळेत आलात, बाळाचं ठीक होईल. पण तुम्हाला जिच्याकडून आले, तिलाही पाठवून द्या."

यशोधननं मान खाली घातली. तो बाहेर आला तेव्हा मृदुला रडत होती. तिनं त्याचा हात धरला.

"लग्नाआधी माझं एकाशी होतं. तुला कधी बोलले नाही. माझ्यामुळे बाळावर ही वेळ आली रे. मला माफ कर."

तो गप्प राहिला असता तर तिला कधीच कळलं नसतं. क्षणभर त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्याला जास्त शरम वाटली.

"तुझ्यामुळे नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्याकडून गेलंय. यंत्रानं दाखवलं. गेल्या वर्षी मी..."

मृदुलानं हात सोडवून घेतला. पोट सावरत ती उठली आणि एकटीच इंजेक्शनच्या खोलीत गेली.